खानदेश : नाव आणि मुलूख



नाशिकहून आग्रा रस्त्याने निघाले म्हणजे चांदवडच्या पुढे राहूडचा घाट लागतो. रस्ता आता इतका रुंद झाला आहे की मोटारीत बसलेल्या माणसाला आपण एक डोंगर ओलांडला याची गंधवार्ताही लागत नाही. परंतु हा डोंगर सामान्य नव्हे. सातमाळ्याच्या या रांगेच्या दक्षिणेस पडलेला पाऊस गोदावरीला मिळतो आणि सारा दक्षिण देश ओलांडून बंगालच्या उपसागरास जातो. उत्तरेस पडलेला पाऊस गिरणेत उतरतो, गिरणेतून तापीत जातो आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळतो. घाट उतरला की जुनी माणसे म्हणत, "आता खानदेश लागला." वस्तुतः तेथून पुढे मालेगावपर्यंत आणि मालेगावच्याही पलीकडे नाशिक जिल्हाच चालू असतो. सरकारी दगड एक सांगतो आणि माणसांची जीभ दुसरे सांगते. हा फरक कोठून आला, आणि ज्या खानदेशाचे नाव आपण इतक्या सहजपणे घेतो त्याचे मूळ काय व सीमा कोणत्या, याचा विचार आज करावयाचा आहे.

या विषयाला थोडी धार आहे, हे प्रथमच सांगितलेले बरे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी 'खानदेश' न लिहिता 'कान्हदेश' असे लिहिण्याचा प्रघात पडत चालला आहे. त्यामागची भावना उघड आहे. खानाचे नाव आपल्या भूमीला का असावे, ती कान्ह्याची का असू नये, असे त्या लोकांना वाटते. भावनेचा मान राखूनही इतिहासाच्या अभ्यासकाला एवढे विचारावेच लागते की, हे झाले असावे असे आपल्याला वाटते, की झाले होते असे कागद सांगतात?

व्युत्पत्ती अनेक पुढे आलेल्या आहेत. त्यांतील दोन लवकर निकालात काढता येतात. खांडववनावरून खानदेश हे नाव आले असे सांगतात. पण महाभारतातील खांडववन यमुनेच्या काठी, इंद्रप्रस्थाच्या शेजारी. ते तापीकाठी ओढून आणण्यास अर्जुनाचा रथही पुरा पडणार नाही. दुसरी व्युत्पत्ती खिंडींचा देश म्हणून खानदेश. या मुलखाला चारी बाजूंनी डोंगर आहेत आणि खिंडीही आहेत, हे खरे. परंतु खिंडी नाहीत असा महाराष्ट्राचा कोणता भाग दाखविता येईल?

कान्हदेशाची गोष्ट निराळी आहे. ती इतक्या झटपट बाजूला सारता येत नाही. कृष्ण या शब्दाचे प्राकृतात कण्ह, त्याचे मराठीत कान्ह किंवा कान्हा. देवगिरीच्या यादवांत कृष्ण नावाचा राजा तेराव्या शतकाच्या मध्यात होऊन गेला आणि त्याला कन्हर असेही म्हणत. शिवाय या भागात गवळी-अहिरांची वस्ती प्राचीन, आणि कृष्णाची भक्ती त्यांच्यात असणे स्वाभाविक. काहीजण श्रावणातील कानबाईच्या उत्सवाकडेही बोट दाखवितात. भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही 'कान्ह'चे 'खान' होणे अशक्य नाही. शब्दाच्या शेवटाजवळचा हकार पुढे सरकून पहिल्या व्यंजनाला चिकटतो, अशी उदाहरणे आपल्या भाषेत आहेत: गृह या शब्दाचे घर झाले, दुहिता या शब्दाचे जुन्या मराठीत धूव झाले. त्याच चालीने कान्हदेशाचा खानदेश होऊ शकेल. पण होऊ शकेल आणि झाले यांत अंतर आहे. ज्याला कान्हदेश हे मूळ नाव म्हणावयाचे असेल, त्याने यादवांच्या काळातला किंवा त्याच्या लगतचा एखादा लेख पुढे ठेवला पाहिजे. यादवांचे लेख आपल्यापुढे आहेत. त्यांत जो देश दिसतो त्याचे नाव निराळे आहे, ते सेउणदेश.

सेउणदेशासंबंधी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण ते नाव नाशिककरांच्या दाराशी जन्मले आणि नाशिककर ते साफ विसरले. यादवांचा प्रधान हेमाद्रि याने आपल्या 'व्रतखंडा'च्या आरंभी राजवंशाची प्रशस्ती दिली आहे. तीवरून कळते की, दृढप्रहार नावाच्या मूळ पुरुषाचा पुत्र सेउणचंद्र. त्याने सेउणपूर वसविले आणि त्याच्यावरून देशाला सेउणदेश हे नाव पडले. हा काळ इसवी सनाच्या नवव्या शतकाचा. दृढप्रहाराचे चंद्रादित्यपूर म्हणजे आपले चांदवड असावे आणि सेउणपूर म्हणजे सिन्नर असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. सर रामकृष्ण भांडारकरांनी सेउणदेशाचा विस्तार नाशिकपासून देवगिरीपर्यंत धरला आहे. हा देश दंडकारण्याच्या सीमेवर आहे असे हेमाद्रि सांगतो.

या यादवांचे ताम्रपट आणि शिलालेख पाहत गेलो तर तेही आपल्याच आसपास सापडतात. भिल्लम दुसरा याचा शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० चा ताम्रपट संगमनेरचा. अंजनेरीच्या पायथ्याशी जी जुनी पडकी देवळे आहेत त्यांतील एका जैन मंदिरात शके १०६३ चा लेख आहे. सेउणदेव राजाच्या कारकीर्दीत काही दुकानांचे उत्पन्न मंदिराला लावून दिल्याची त्यात नोंद आहे. यादवांची सत्ता डोंगर उतरून खालीही गेली होती. चाळीसगावाजवळ वाघळी येथे १०६९ चा लेख आहे. तो यादवांच्या मांडलिकाचा. त्याच तालुक्यात पाटणे येथे निकुंभ राजांच्या आश्रयाने भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग सेउणदेश हेच खानदेशाचे जुने नाव झाले. असे म्हणण्याची चाल आहेही. मला ते पटत नाही. राजाची सत्ता जेथे पोहोचते तेथपर्यंत त्याच्या मूळ देशाचे नाव पोहोचतेच असे नाही. पेशव्यांची सत्ता अटकेपर्यंत गेली म्हणून पुणे प्रांत अटकेपर्यंत गेला असे कोणी म्हणत नाही. सेउणदेशाचे काळीज गोदावरीच्या खोऱ्यात, चांदवड-सिन्नर-देवगिरी या टापूत होते. खानदेशाचे काळीज, आपण आता पाहू, तापीच्या खोऱ्यात. ही दोन नावे दोन शेजारी मुलखांची आहेत, एकाच मुलखाची एकामागून एक आलेली नव्हेत. 'सेउण' शब्दाचा उच्चार बदलत बदलत 'खान' होईल, असा ध्वनिनियमही मला तरी दिसत नाही.

सेउणदेशात आणखी एक मौज आहे. देशाला राजाचे नाव मिळाले, आणि पुढे त्या देशावरून राजघराण्यालाच नाव मिळाले. कर्नाटकातील होयसळांच्या लेखांत देवगिरीच्या यादवांना सेवुण म्हणूनच ओळखतात. म्हणजे माणसाचे नाव भूमीला, भूमीचे नाव पुन्हा माणसांना. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य बुडाले आणि सेउण हे नाव लोकांच्या तोंडून गेले. राजाबरोबर आलेले नाव राजाबरोबर गेले. राज्यकर्त्याच्या नावावरून देशाला नाव पडणे हा काही दोष असेल, तर तो एकट्या खानदेशाचा नव्हे, आपल्या अभिमानाच्या सेउणदेशाचाही आहे.

आता खानाकडे वळू. दिल्लीचा सुलतान फिरोझ तुघलक याने १३७० साली मलिक राजा नावाच्या सरदाराला तापीकाठचे थाळनेर जहागीर दिले. दिल्लीची सत्ता ढिली पडताच १३८२ च्या सुमारास तो स्वतंत्र झाला. हे घराणे आपला संबंध खलिफा उमर फारूक याच्याशी सांगे, म्हणून फारुकी. १३९९ साली मलिक राजा वारला. त्याच्या मागून नासीर याने अशीरगड घेतला. अशीरगड आसा नावाच्या एका धनाढ्य अहिराच्या ताब्यात होता. नासीरने आपल्या बायकामुलांना आश्रय हवा असे सांगून मेण्यांतून सैनिक आत घातले, अशी हकीगत फरिश्ता देतो. मेण्यांची युक्ती इतक्या किल्ल्यांविषयी सांगितली जाते की तिच्यावर किती विसंबावे हा प्रश्नच आहे. परंतु गडाचा धनी अहीर होता ही आठवण त्या कथेत टिकली, ती महत्त्वाची. गड घेतल्यावर नासीरने दौलताबादचे साधू शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने तापीच्या काठी बुऱ्हाणपूर वसविले आणि पलीकडच्या तीरावर शेख झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद.

या नासीरला गुजरातचा सुलतान अहमदशहा याने खान ही पदवी दिली आणि त्यावरून देशाला खानदेश म्हणू लागले, असे अबुल फझल आईन-ए-अकबरीत स्पष्ट लिहितो. अबुल फझल नासीरनंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी लिहीत होता. तो समकालीन साक्षीदार नव्हे, हे मान्य. तथापि कान्हदेशाच्या बाजूने जी साक्ष आहे ती याहून पुष्कळच अलीकडची. दोन साक्षीदारांतून निवड करावयाची झाली तर मी अबुल फझलला निवडतो. शिवाय त्याच्या म्हणण्यात आतली संगती आहे. फारुकींच्या शेजाऱ्यांकडे पाहा: गुजरातेत शहा, माळव्यात शहा, दक्षिणेत बहमनी शहा. या सर्वांच्या मध्ये हे घराणे तेवढे पिढ्यान्‌पिढ्या खान म्हणवीत राहिले. शहा ही पदवी त्यांच्यापैकी काहींनी पुढे घेतली. तीन सुलतानांच्या मध्ये जो एकच खान, त्याच्या मुलखाला शेजाऱ्यांनी खानाचा देश म्हणावे, यात नवल ते काय?

आणि या शब्दाचा घाट पाहा. खान हा शब्द अरबी नव्हे, फारसीही नव्हे, तो तुर्क-मोंगलांचा. देश हा शब्द शुद्ध संस्कृत. फारसी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती नाव ठेवणे असते तर त्याने झैनाबादेसारखे आणखी एक 'आबाद' केले असते. खानाला 'देश' जोडला तो येथल्या बोलणाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, अहिरांनी, वाण्यांनी, असे मला वाटते. नावाचा पूर्वार्ध बाहेरून आलेला, पण ते नाव बनले येथल्या लोकांच्या तोंडी. ज्यांना ते परके वाटते त्यांनी एवढ्याचा विचार करावा.

फारुकींच्या राज्याचा स्वभावही असाच मिश्र होता. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत राजा अलीखानाने लावलेला लेख अरबीत आहे आणि संस्कृतातही आहे. संस्कृत लेखात ईश्वराला वंदन करून फारुकी राजांची वंशावळ दिली आहे आणि काळ सांगितला आहे तो शके १५११, संवत् १६४६ असा. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत वंशावळ, शक-संवतासह! पुढे १५९७ साली हा राजा अलीखान गोदावरीकाठच्या आष्टीच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना पडला, आणि चार वर्षांत त्याचे राज्यही गेले.

१६०१ च्या जानेवारीत अशीरगड अकबराच्या हाती आला. बादशहाने नवा सुभा आपला मुलगा दानियाल याला दिला, आणि मुलाच्या नावावरून सुभ्याचे नावच बदलले: खानदेशाचा 'दांदेश' झाला. खान काढला, दान घातला, देश तसाच ठेवला. हे नाव नुसते बोलण्यात राहिले नाही. आईन-ए-अकबरीत सुभ्याचे प्रकरण दांदेश या नावाने आहे. फत्तेपूर शिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर जो विजयलेख कोरला आहे त्यातही बादशहाने दख्खन आणि दांदेश जिंकल्याचे सांगून, दांदेश म्हणजे पूर्वीचा खानदेश, असा खुलासा दिला आहे. तो खुलासा कोरणाऱ्याला द्यावा लागला, यातच सारे आले. दांदेश म्हणजे काय हे बादशाही दरवाज्यावरही समजावून सांगावे लागत होते. दानियाल १६०५ साली बुऱ्हाणपुरासच दारूच्या पायी मेला, त्याच वर्षी अकबरही गेला, आणि दांदेश हे नाव दगडावर व पोथीत राहिले. थाळनेरच्या शेतकऱ्याने ते कधी उच्चारले असेल असे वाटत नाही. आपल्या नाशिकचेही असेच झाले. मोगलाईत नाशिकचे गुलशनाबाद झाले होते; मराठी अंमल येताच ते पुन्हा नाशिक झाले.

आता मुलखाच्या सीमांकडे येऊ, कारण खरी गंमत तेथेच आहे. अबुल फझल या सुभ्याची लांबी-रुंदी देतो. लांबी हंडियाला लागून असलेल्या बोरगावपासून अहमदनगरच्या राज्याला लागून असलेल्या लळिंगपर्यंत पंचाहत्तर कोस. रुंदी वऱ्हाडाला लागून असलेल्या जामोदपासून माळव्याला लागून असलेल्या पालपर्यंत पन्नास कोस. लळिंग म्हणजे धुळ्याच्या दक्षिणेस आग्रा रस्त्यावर जो किल्ला दिसतो तो. म्हणजे १६०० च्या सुमारास आपल्याकडून जाणाऱ्या माणसाला खानदेश राहूडला लागत नव्हता. तो लागत होता धुळ्याच्या तोंडाशी! मालेगाव त्या खानदेशात नव्हते. गाळण्याचा किल्ला आणि त्याखालचा प्रदेश निजामशाहीचा होता. सटाणा, मुल्हेर, साल्हेर ही सारी बागलाणच्या राठोड राजांची. त्यांचे राज्य निराळे, आणि आईन-ए-अकबरीतही बागलाणचे वर्णन निराळे दिलेले आहे.

मग खानदेश डोंगरापर्यंत आला केव्हा? निजामशाही मोडत असता १६३० नंतरच्या वर्षांत गाळणा मोगलांकडे आला. १६३८ मध्ये औरंगजेबाने मुल्हेर घेऊन बागलाणचे राज्य संपविले आणि ते खानदेश सुभ्याला जोडले गेले. तापीकाठी जन्मलेले नाव अशा रीतीने गिरणा आणि मोसम यांच्या उगमाकडे चढत चढत सातमाळ्याच्या पायथ्याशी येऊन थांबले. डोंगर त्याने ओलांडला नाही. ओलांडण्याचे कारणही नव्हते, कारण डोंगराच्या या अंगाला दुसरे नाव होते. मराठी कागदपत्रांत गोदावरीच्या काठच्या मुलखाला प्रांत गंगथडी म्हणतात. प्रांत खानदेश, प्रांत बागलाण, प्रांत गंगथडी, अशी ही शेजारपणाची नावे. त्यांतले गंगथडी हे नाव आज आपण विसरलो. मला व्यक्तिशः ते फार गोड वाटते.

नाव दक्षिणेकडे वाढत असता पूर्वेकडे मात्र त्याची राजधानीच सुटली. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बुऱ्हाणपूर व अशीरगड मराठ्यांना दिले. पुढे ती शिंद्यांकडे गेली. १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांचा खानदेश घेतला तेव्हा बुऱ्हाणपूर शिंद्यांकडेच होते, आणि नंतर इंग्रजांच्या हाती आल्यावर ते निमाडात, पुढे मध्यप्रांतात गेले. २००३ पासून ते मध्यप्रदेशातील एक स्वतंत्र जिल्हा आहे. ज्या नगरात खानदेशाचे खान दोनशे वर्षे नांदले ते नगर आज खानदेशात धरीत नाहीत. आणि ज्या मालेगावने त्या खानांचा अंमल कधी पाहिला नाही, तेथला मनुष्य स्वतःला अभिमानाने खानदेशी म्हणवितो. यात कोणाचीही चूक नाही. नावे अशीच चालतात.

इंग्रजी अमलाचा पहिला खानदेशी अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज. त्याने धुळे हे ठाणे केले आणि गावाची नवी मांडणी केली. हाच ब्रिग्ज पुढे फरिश्त्याच्या तवारिखेचा इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीला आला. फारुकींच्या मुलखाचा कारभार करता करता त्यांचा इतिहास वाचणारा असा कलेक्टर विरळा! ब्रिग्जनंतरचा खानदेश जिल्हा अवाढव्य होता. म्हणून १८६९ साली नाशिक हा स्वतंत्र जिल्हा करताना नगरकडील नाशिक उपजिल्ह्याला खानदेशातून मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे तालुके तोडून जोडण्यात आले. कळवण त्या वेळी बागलाणातच होते. हे तुटल्यानंतरही खानदेश जिल्हा दहा हजार चौरस मैलांच्या आसपास होता. १९०६ साली त्याचे दोन तुकडे झाले: धुळ्याचा पश्चिम खानदेश आणि जळगावचा पूर्व खानदेश. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पत्रांवर "जि. पू. खा." आणि "जि. प. खा." अशी अक्षरे दिसतात, ती या काळची. १९३६ ची फैजपूरची काँग्रेस, खेड्यात भरलेली पहिली काँग्रेस, भरली ती पूर्व खानदेशात.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्या सुमारास पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. आज महाराष्ट्राच्या नकाशावर खानदेश या नावाचा एकही जिल्हा नाही, तालुका नाही, महसूल विभाग नाही. सरकारने कोणत्याही जाहिरातीवाचून जे केले ते अकबराने दरवाज्यावर कोरून केले होते, पण परिणाम दोन्ही वेळा सारखाच निघाला. लोकांनी नाव सोडले नाही. अमळनेरला प्रताप महाविद्यालय चालविणारे मंडळ खानदेश शिक्षण मंडळच आहे. भुसावळला जाणाऱ्या एका रेल्वेगाडीला खानदेशाचे नाव आहे. आणि नाशिकच्या निम्म्या खाणावळींच्या पाट्यांवर 'खानदेशी भरीत' लिहिलेले असते, मग स्वयंपाकी कोठलाही असो.

या नावाऐवजी जे नाव कचेऱ्यांतून पुढे आले ते उत्तर महाराष्ट्र. १९९० साली जळगावला विद्यापीठ झाले तेही उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने, आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव जोडले तरी उत्तर महाराष्ट्र हे शब्द राहिले. दिशेची नावे कामापुरती सोयीची असतात, पण त्यांत एक अडचण आहे. उत्तर म्हणजे कोणाच्या उत्तरेला? ते नाव मुंबईत किंवा पुण्यात बसून ठेवलेले असते. शहाद्याचा शेतकरी स्वतःच्या उत्तरेला राहत नाही. आणि या उत्तरेत नाशिकही येते, कधी कधी नगरही येते. त्यामुळे गोदावरी आणि तापी, गंगथडी आणि खानदेश, हे सारे एका पिशवीत पडते.

१८६९ च्या तोडणीने जे तालुके नाशिककडे आले त्यांचे काय झाले, हे मात्र आपल्या शहराने विचारण्यासारखे आहे. दीडशेहून अधिक वर्षे मालेगाव, सटाणा, कळवण, नांदगाव आणि आजचा देवळा हे तालुके नाशिकचे आहेत. त्यांच्या कज्ज्यांची सुनावणी येथे होते, त्यांची मुले येथे शिकावयास येतात, त्यांचा कांदा आणि द्राक्षे आपण आपल्या जिल्ह्याची म्हणून मिरवितो. मालेगाव जिल्हा निराळा करावा ही मागणीही जुनीच. पण त्यांची बोली आपल्याला आपली वाटते काय? अहिराणी बोलणारा मुलगा नाशिकच्या वर्गात पहिले काही महिने तोंड मिटून बसतो, कारण त्याने तोंड उघडले की बाकीची हसतात. ग्रियर्सनने आपल्या भाषापाहणीच्या नवव्या खंडात, १९०७ साली, खानदेशी ही मराठीहून वेगळी काढून भिल्ली बोलींबरोबर ठेवली. आपले अनेक अभ्यासक ते मानीत नाहीत आणि अहिराणीला मराठीच्या घरातच जागा देतात. ती जागा ग्रंथात दिली आहे. वर्गात अजून दिलेली नाही.

ज्या अहिरांवरून अहिराणी हे नाव आले त्यांचा एक दाखला तर आपल्या पांडवलेण्यातच आहे. सातवाहनांच्या मागून या भागावर अभीर राजे आले. त्यांतील ईश्वरसेन या राजाच्या नवव्या वर्षाचा लेख तेथल्या दहाव्या लेण्यात कोरलेला आहे. एका उपासक स्त्रीने भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेण्यांकडे कायमची ठेव ठेवली, तिची ती नोंद. अभीर, अहीर, अहिराणी, अशी ही साखळी आहे. मुलखाचे नाव सहाशे वर्षांचे, पण त्यात राहणाऱ्या माणसांचे नाव त्याच्या दुपटीहून जुने, आणि ते कोरलेले आहे नाशिकच्या डोंगरात. महामहोपाध्याय मिराशींचे मत मानावयाचे तर त्याच लेण्यांतील गौतमीपुत्राच्या प्रशस्तीत जो 'असिक' देश आहे तो ऋषिक, म्हणजे आजचा खानदेश. तसे असेल तर खानाच्याही पूर्वी आणि सेउणचंद्राच्याही पूर्वी या मुलखाला एक नाव होते, आणि तेही आज कोणाच्या तोंडी नाही.

आता तर घाटाची सीमाही पूर्वीसारखी राहिली नाही. सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांत काम मिळवावयास धुळे-जळगावकडून आणि मालेगाव-सटाण्याकडून जी कुटुंबे आली त्यांनी सिडकोत आणि सातपुरात घरे केली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्या घरी कानबाई बसते. नारळावर मुखवटा चढवितात, रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर अहिराणी गाणी चालतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. नदी तापी नसते, गोदावरी असते; पण गाणी म्हणणाऱ्या बायका त्या दिवशी वर्गातल्या मुलासारख्या तोंड मिटून बसत नाहीत.